मदत हवी आहे: ३० इंची जुनी १२ बोर दुनळी ग्राउजच्या झाडीत जड जाते, काय करावं?

झाडीवाला:
मंडळी, आडव्या (शेजारी-शेजारी नळ्यांच्या) दुनळीबद्दल नेमका सल्ला हवा आहे. बंदूक ए. एच. फॉक्सची स्टर्लिंगवर्थ, १२ बोर (नळीच्या व्यासाचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद), नळ्यांवर फिलाडेल्फियाचा पत्ता, म्हणजे सॅव्हेजने कंपनी घेऊन काम युटिकाला नेलं त्याच्या आधीची. दोन चाप, साधे एक्स्ट्रॅक्टर (रिकामी काडतुसं फक्त वर उचलणारे).

मोजमापं: वजन ७ पौंड ५ औंस (३.३२ किलो). नळ्या ३० इंच. तोल बिजागरीच्या पिनेच्या साधारण १ सेंमी पुढे. दस्त्याची लांबी १४ इंच, टाचेला (दस्त्याच्या मागच्या टोकाचा वरचा कोपरा) नळ्यांच्या रेषेपासून उतार जवळजवळ ३ इंच. चोक (नळीच्या तोंडाची आवळण): उजवी नळी मॉडिफाइड म्हणजे मध्यम, डावी फुल. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) २ ५/८ इंच. नळ्यांखाली वजनाचा आकडा ३.

वापर उत्तर मिशिगनमध्ये, अ‍ॅस्पेनच्या कोवळ्या दाट रानात रफ्ड ग्राउज आणि थोडे वुडकॉक (दोन्ही रानपक्षी). पक्षी १५-२० यार्डांवर उठतो आणि सेकंदाच्या आत झाडाआड जातो. बंदूक खांद्याला येईपर्यंत उशीर होतो, आणि आली की बार पक्ष्याच्या खाली जातो.

डोक्यात तीन उपाय आहेत: दस्ता आतून पोखरणं, नळ्या २६ इंचांवर कापणं, किंवा हीच ठेवून हलकी काडतुसं वापरणं. हंगाम १५ सप्टेंबरला सुरू होतो, त्याआधी ठरवायचंय.

तराजू:
नळ्या कापू नका. बाकीचं नंतर बोलू, पण करवत आधी लांब ठेवा.

जुन्या नळ्यांचा चोक शेवटच्या दोन-तीन इंचांत असतो. तेवढा तुकडा गेला की दोन्ही नळ्या सरळ सिलिंडर, म्हणजे आवळण शून्य. शिवाय कापल्यावर दोन नळ्यांच्या मध्ये जी फट उघडी पडते ती पाचर बसवून डागावी लागते, नाहीतर रिबखाली (दोन नळ्यांवरची लांब पट्टी) पाणी शिरून आतून गंज धरतो. तोंडाशी पुन्हा रंग द्यावा लागला तर गरम क्षारांचं ब्लूइंग चालत नाही. रिब मऊ डागाने जोडलेली असते, क्षार तो डाग खातात. रस्ट ब्लूइंगच हवं, आणि ते करणारा माणूस स्वस्त नसतो. एवढं करून बंदुकीची किंमत पडते ती वेगळीच.

आता वजन. ब्रिटिश बंदूककार ग्रीनरच्या नावावर सांगितला जाणारा जुना ठोकताळा असा की बंदूक काडतुसातल्या छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. तुमची ११७ औंस आहे. ९६ ने भागा, सव्वा औंसाच्या जवळ येतं. म्हणजे ही बंदूक सव्वा औंसाचं काडतूस दिवसभर मारता यावं अशा वजनाची आहे. ग्राउजला १ औंस पुष्कळ, ७/८ सुद्धा चालतं. १ औंसाला ६ पौंडाची बंदूक पुरते. तुम्ही रानातून सव्वा पौंड जास्तीचं लोखंड वागवताय. आणि फॉक्सच्या १२ बोरला फ्रेम (नळ्या आणि दस्ता यांमधला धातूचा सांगाडा) एकाच मापाची, त्यामुळे वजनातला फरक येतो तो नळ्या आणि लाकूड यांतून. आकडे १ ते ४, ४ म्हणजे सगळ्यांत हलक्या नळ्या.

काट्यावरचं वजन आणि तोलाचा बिंदू मात्र अर्धीच गोष्ट सांगतात. सारख्या वजनाच्या, सारख्या तोलाच्या दोन बंदुका हातात पूर्ण वेगळ्या लागतात, कारण वजन मध्यात गोळा झालंय की दोन टोकांना पसरलंय हे तोलाच्या बिंदूवरून कळत नाही. ते घरी मोजता येतं:

दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. छताच्या आकड्यांना बरोबर १ मीटर लांबीच्या दोन दोऱ्या बांधा, एकमेकींपासून ४० सेंमीवर. खाली कापडाचे फास करून त्यात बंदूक आडवी टांगा, तोलाचा बिंदू दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्ये. दोऱ्या उभ्या आणि समांतर हव्यात. मग टोक १०-१५ अंश बाजूला नेऊन सोडा. बंदूक जमिनीला समांतर राहून घड्याळाच्या चक्रासारखी पुढे-मागे वळेल. झोका नको, नुसतं वळण हवं. १० पूर्ण फेऱ्यांना (जाऊन-येऊन एक फेरी) किती सेकंद लागतात ते घ्या. एका फेरीचा काळ काढून:

वजन (किलो) × ९.८१ × अंतराचा वर्ग (०.१६) × काळाचा वर्ग, भागिले १५८.

आलेला आकडा म्हणजे ती बंदूक स्वतःभोवती वळवायला किती जड आहे ते. शक्य असेल तर एखादी १६ बोरही त्याच दोऱ्यांवर मोजा. एकट्या आकड्याला अर्थ नाही, तुलनेला आहे.

बर्मिंगहॅमी:
वरच्या मोजणीला हात लावण्याआधी दस्ता बघा. बार खाली जातोय हे जडपणाचं लक्षण नाही, उताराचं आहे. टाचेला ३ इंच म्हणजे त्या काळच्या अमेरिकन पद्धतीचा वाकलेला दस्ता. मान ताठ ठेवून मारणाऱ्यांसाठी बरा. गाल नीट टेकवला की डोळा रिबच्या खाली जातो आणि पुढे फ्रेमच दिसते. मग मान उचलायची, परत टेकवायची. यातच तुमचा अर्धा सेकंद जातोय.

आधी स्वस्त उपाय: दस्त्यावर गाल टेकतो तिथे चामड्याची बांधायची गादी, तिच्याखाली फेल्टच्या पट्ट्या. एका वेळी ३ मिमी. १६ यार्डांवर मोठा कागद लावून १०-१२ बार काढा, डोळे मिटून खांद्याला लावा, उघडा, मारा. नक्षीचा (छर्ऱ्यांच्या खुणांचा) मध्य बिंदूवर आला की थांबा. दस्ता तापवून वाकवणं हा पुढचा टप्पा. गरम तेल किंवा दिव्याने मनगट तापवून वाकवतात. फॉक्स बॉक्सलॉक (कुलूप फ्रेमच्या आत) आहे म्हणून जमतं. एल. सी. स्मिथसारख्या साइडलॉकला कुलपाच्या पाट्यांमागे आधीच तडे जायची खोड असते, तिथे मी कोणाला हो म्हणणार नाही.

नळीबाज:
चेंबरबद्दल. २ ५/८ मध्ये २ ३/४ चं काडतूस बसतं, कारण न मारलेलं काडतूस मुडपलेलं असतं. मारताना मूड उघडून चेंबरपुढच्या उतारात घुसतो, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. आजच्या कारखानी १२ बोरची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. शंभरीच्या आसपासच्या लाकडाला आणि बिजागरीला ते नको. २ १/२ इंची किंवा कमी दाबाची म्हणून विकली जाणारी १ औंस, साडेसात किंवा ८ नंबर घ्या. चेंबर लांब करून घेऊ नका, जिथे दाब सगळ्यांत जास्त तिथलीच भिंत पातळ होते.

स्टीलचे छर्रे अजिबात नाहीत. फुल चोकमध्ये नळीला बाहेरून कडं उठतं, ते पुन्हा बसत नाही. शिसं बंद असलेल्या जमिनीवर बिस्मथ धातूचे छर्रे.

चोक मोकळे करणं मात्र करण्यासारखं आहे. पण वजन कमी होईल म्हणून नाही, दोन्ही नळ्या मिळून १०-१५ ग्रॅम निघतात. २० यार्डांवर फुल चोक ग्राउजचा चेंदा तरी करतो नाहीतर हुकवतो, म्हणून. आधी गेजने नळीच्या भिंतीची जाडी मोजून घ्या. इंचाच्या २० हजारांशाच्या खाली असेल तर बंदूक भिंतीवरच शोभते.

पाहुणा_७:
शिकार कायदेशीर आहे का? भारतात तर बंदी आहे ना?

तराजू:
भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, बरोबर. धागा मिशिगनच्या परवान्याच्या हंगामाबद्दल आहे. तो वाद वेगळ्या धाग्यावर घ्या.

झाडीवाला:
सगळ्यांचे आभार. दोऱ्यांवर मोजलं. फॉक्स: १० फेऱ्यांना २५.५ सेकंद, आकडा ०.२१४. उसनी आणलेली १६ बोर स्टर्लिंगवर्थ, २८ इंच, ६ पौंड ४ औंस (२.८३ किलो): २३.६ सेकंद, आकडा ०.१५७. वजनात १५ टक्के फरक आणि वळवण्यात २७ टक्के!

दुसरं, दस्त्याची पाटी काढली तर आत आधीच भोक. त्यात मेणात बसवलेले शिशाचे छर्रे, १४० ग्रॅम. ते काढले. आता बंदूक बरोबर ७ पौंड, तोल पिनेच्या ३ सेंमी पुढे. पुन्हा टांगली तर २४.३ सेकंद, ०.१८६. तोल पुढे गेला, तरी वळायला हलकी कशी?

तराजू:
हेच तर. आधीच्या कोणीतरी तोल पिनेवर आणायला मागे शिसं ओतलं. लांब नळ्यांचं वजन पुढच्या टोकाला होतंच, आता मागच्या टोकालाही आलं. तोल कागदावर सुंदर, हातात लाकडाचा ओंडका. टोकाचं वजन काढलं की वळण हलकं होणारच, तोल कुठेही जावो.

पण फार खूश होऊ नका. हा आकडा बंदूक दोन हातांत असतानाचा, म्हणजे खांद्याला येईपर्यंतचा. खांद्याला टेकल्यावर ती टाचेभोवती वळते आणि शिसं टाचेजवळच होतं. हिशेब करा: शिसं असताना ०.९८, काढल्यावरही ०.९८. १६ बोर ०.८१. म्हणजे खांद्याला लवकर येईल, पण पक्ष्यामागे नळी ओढताना पूर्वीइतकीच जड. ते वजन नळ्यांमध्ये आहे आणि नळ्यांना हात लावायचा नाही हे ठरलंय.

पोखरण्याबद्दल विचारलं होतं: ७/८ इंच रुंद, ५ इंच खोल भोकातून अक्रोडाचा ३०-३५ ग्रॅम भुसा निघतो. एवढ्यासाठी ड्रिल काढू नका. तुमच्याकडे भोक आधीच आहे म्हटल्यावर तर नाहीच.

बर्मिंगहॅमी:
मग बदलाच, किंवा दुसरी जोडा. फॉक्सची १६ आणि २० एकाच छोट्या फ्रेमवर, म्हणून २० साठी जास्त पैसे मोजण्यात वजनाचा फायदा थोडाच. १६ घ्या. पार्कर बघत असाल तर बोर नाही, नळ्यांच्या लगवरचा (नळ्यांखालचा, फ्रेममध्ये बसणारा ठोकळा) फ्रेमचा आकडा वाचा: १६ बोर ० फ्रेमवर वेगळी बंदूक, १ फ्रेमवर वेगळी. इथाका फ्लूज खूप हलकी मिळते, पण फ्रेमच्या कोपऱ्यात तडा आहे का ते भिंगाने बघा; भारी काडतुसांनी जातो. ब्रिटिश १२ बोर बॉक्सलॉक सव्वासहा ते पावणेसात पौंडांत मिळते. १९५४ नंतरच्या प्रूफमध्ये (अधिकृत दाबचाचणीच्या ठशांत) चेंबर आणि टनांमधला दाब नळ्यांखाली ठोकलेला असतो, तो वाचूनच काडतूस ठरवा.

कोणतीही घेताना फोरएंड (नळ्यांखालचं पुढचं लाकूड) काढून नळ्या लावा, दस्ता काखेत धरून हलवा. खट्ट आवाज आला तर बिजागरी ढिली. वरची कळ मध्यरेषेच्या उजवीकडे थांबायला हवी, डावीकडे गेलेली असेल तर बोल्ट (नळ्या बंद धरणारी कडी) झिजलाय.

झाडीवाला:
ठरलं. शिसं बाहेरच, गादी ६ मिमीवर बसवली, कागदावर नक्षी मध्यावर आली. ही ३० इंची साउथ डकोटाच्या फेझंटला ठेवतो, तिथे उघड्या गवतात नळी सावकाश फिरते ते बरंच. ती उसनी १६ विकायला आहे असं मालक म्हणाला. तिचे चेंबर २ ९/१६ निघाले. नळीबाज, १६ ला २ १/२ इंची काडतूस चालेल ना?

नळीबाज:
चालेल. मालकाला पेटीतली उरलेली काडतुसंही दाखवायला सांगा, २ ३/४ ची असतील तर बिजागरी दोनदा तपासा.