तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला नेमके किती पैसे आले, हे कुणाला विचारायचं?

प्रश्न: ग्रामपंचायत सदस्य, मराठवाडा

गेल्या आषाढात भावजयीला कळा सुरू झाल्या म्हणून रात्री अकराला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम हजर होत्या, पण भूल द्यायला कुणी नव्हतं. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले तेव्हा १०८ मधून जिल्ह्याला पाठवलं, ६२ किलोमीटर. प्रत्येक गतिरोधकाला ती माझा हात घट्ट दाबायची. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. निघण्याआधी वीज गेली होती आणि जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. आवारात मात्र नवी दुमजली इमारत उभी आहे, कुलूपबंद.

दर मार्चला आरोग्यासाठी इतके कोटी असं ऐकते. आमच्या तीस खाटांपर्यंत त्यातलं काय पोचतं? विचारलं की ‘वरून निधी नाही’ एवढंच सांगतात. वरून म्हणजे कुठून?

उत्तर: निवृत्त लेखा लिपिक

ताई, तुम्ही त्या रात्री पाहिलेल्या गोष्टींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. म्हणून ‘निधी नाही’ म्हटलं की ‘कुठला?’ असं विचारायचं.

इमारत भांडवली खर्चातून होते, लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातला खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक) ४२१०. पगार २२१० मधून. इमारत मंजूर झाली म्हणजे माणसं मंजूर झाली असं नाही. पदनिर्मितीचा शासन निर्णय वेगळा, त्याला वित्त विभागाची संमती लागते. कुलूप बहुधा तिथेच अडलंय. माणसं नाहीत म्हणून बंद पडलेल्या इमारतीच्या दुरुस्तीची बिलं मी स्वतः तपासली आहेत. फार वाईट वाटायचं.

भूलतज्ज्ञाचं पद रिकामं असेल तर बाहेरच्या डॉक्टरांना बोलावून मानधन देता येतं. ते राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. हप्ता लांबला की मानधन थकतं, आणि दोन-तीन बिलं थकली की ते डॉक्टर रात्री यायला तयार होत नाहीत. भावजयीच्या बाबतीत हेच झालं का, ते मागच्या वर्षाच्या बिलांवरून कळेल.

अर्ज मात्र योग्य दारी द्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत.

उत्तर: आशा गटप्रवर्तक

डिझेलचं मी सांगते. असला किरकोळ खर्च रुग्णालयाच्या स्वतःच्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून करता येतो. वैद्यकीय अधीक्षक तिचे सचिव असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे घेणं बंद झालं. माझ्या वस्तीवरच्या बायकांना त्याचा किती आधार झालाय ते मी रोज बघते, ते पुन्हा सुरू करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण समितीच्या हातातला तो पैसा गेला, त्याची भर सरकारनं वेळेवर घालायला हवी. आमच्याकडे मागच्या वर्षी अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा पैसा, आला तो फेब्रुवारीत. मार्चअखेर खर्ची टाकायचा म्हणून घाईघाईनं खुर्च्या घेतल्या. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा खात्यात काहीच नसतं.

आणि ताई, भावजयीसाठी बाहेरून औषधं आणायला लावली होती का? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियनसुद्धा मोफत आहे, औषधं, तपासण्या, जेवण आणि गाडीसकट. लावली असतील तर पावत्या जपून ठेवा.

प्रश्नकर्ती

काका, ताई, मनापासून आभार. पावत्या आहेत, दोन. आईनं देवघराच्या फडताळात ठेवल्यात.

माहिती अधिकारात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत, म्हणून तीन अर्ज करतेय. प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्यात मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, शिवाय नव्या इमारतीच्या पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला ते. दुसऱ्यात बाहेरच्या भूलतज्ज्ञांची वर्षभरातली बिलं, सादर झाल्याच्या आणि चुकती झाल्याच्या तारखांसह. तिसऱ्यात रुग्ण कल्याण समितीच्या कॅशबुकची प्रत आणि डिझेलच्या शेवटच्या खरेदीचं बिल.

सोमवारी जिल्ह्याला जातेय. भावजय म्हणते, मीपण येते, पहिल्या अर्जावर माझी सही घ्या.