काळी-पिवळीच्या टपावर कॅरियर कशाला?

लेकीचीआई: जुन्या टॅक्सीचा फोटो बघून मुलगी विचारते, टपावर सामान का? डिकी नव्हती?

कुर्लेकर: होती की! पण सीएनजी आल्यावर डिकीत सिलिंडर बसला, मग ट्रंका टपावर. (कॅरियर त्याआधीपासूनचं हं.) आमचे बाबा कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात, ही टॅक्सीची गाडी, पद्मिनी, तिथलीच. गिअर स्टिअरिंगपाशी, म्हणून पुढे सलग सीट. गावाहून दादरला उतरलो की मी बाबा आणि ड्रायव्हरकाकांच्या मध्ये. घरभर बाबांच्या डांगरीचा ऑइलचा वास. आई ती वेगळी धुवायची.

दादरचाबाळ्या: शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली ना? टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा.

कुर्लेकर: हो. १९६४ ला ट्राम गेली तेव्हा आजोबाही असेच हळहळले होते म्हणे. बाबा मात्र एवढंच म्हणाले, "क्लच जड होता तिचा."