लिथियमची रक्ततपासणी आणि उपवास: मदत हवी आहे
लिथियम (बायपोलर म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं औषध) घेणाऱ्यांच्या घरच्यांसाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक करतोय. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, रक्ताची वेळ. नमुना शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी हवा. रात्री साडेदहाला गोळी आणि लॅबचा माणूस सकाळी सातला दारात, मग रक्तातली लिथियमची पातळी खोटीच जास्त दिसते आणि डोस उगाच कमी होतो. हिरव्या टोपणाच्या नळीत लिथियम हेपरिन (रक्त गोठू न देणारं, स्वतःच लिथियम असलेलं रसायन) असेल तरी तोच घोळ. सकाळी साडेदहाला घरी येऊन लाल टोपणाच्या नळीत रक्त घेणारी लॅब तुमच्या गावात मिळते का?

दुसरं, उपवास. पाणी किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. निर्जळी एकादशी, अळणी जेवण, उन्हाळ्यातले जुलाब, सगळंच धोक्याचं. वर अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतली की पातळी आणखी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, झोक जाणं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना, हे आम्ही ठळक छापणार आहोत. पण वर्षानुवर्षं व्रत करणाऱ्या आजींना "निर्जळी नको" हे मन न दुखावता कसं सांगायचं? तुमच्याकडे लागू पडलेली वाक्यं जशीच्या तशी लिहा.