मतं खाल्ली, पण कोणी?

अमेरिकेत अपक्ष उमेदवार फक्त मोठ्या पक्षांची मतं खातो, असं म्हणताना रॉस पेरोंचं उदाहरण देतात. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत या अपक्षाला जवळपास १९ टक्के मतं मिळूनही एक इलेक्टर (अध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी) मिळाला नाही, हे खरंच. पण म्हणून ‘अमेरिकेत अपक्षाला मत म्हणजे मत फुकट’ हे पटत नाही. मेन राज्याची २०१० ची गव्हर्नरची निवडणूक बघा. रिपब्लिकन लपेज सुमारे ३८ टक्क्यांवर निवडून आले, अपक्ष कटलर ३६ च्या आसपास आणि डेमोक्रॅट उमेदवार १९ वर. मतं खाल्लीच असतील तर ती पक्षवाल्यांनी अपक्षाची खाल्ली!

पुढे २०१६ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी पसंतीक्रमाची पद्धत आणली (आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात १, २, ३ लिहितात, तसंच; मागे पडलेला उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात). २०१८ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका जागेवर पहिल्या फेरीत मागे असलेले डेमोक्रॅट गोल्डन दोन अपक्षांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीमुळे जिंकले. गंमत म्हणजे ज्या पदावरून हे सगळं पेटलं, त्या गव्हर्नरच्या अंतिम निवडणुकीलाच ही पद्धत लागू नाही. मेनच्या राज्यघटनेत ‘सर्वाधिक मतं’ एवढीच अट आहे, त्यामुळे पसंतीच्या पुढच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचं २०१७ चं मत. घटना बदलायला विधिमंडळाची दोन तृतीयांश मतं लागतात, आणि तिथे बसलेत मुख्यतः याच दोन पक्षांचे लोक.