विंटरफेलला डोथ्राकी अंधारात का सोडले?

गेम ऑफ थ्रोन्स मालिकेचा आठवा सीझन (2019) परत बघतोय, तिसरा एपिसोड, विंटरफेल किल्ल्याची लढाई. समोर मुडद्यांची फौज, डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही आणि किल्ला राखणाऱ्यांनी पहिल्याच फटक्यात डोथ्राकी (भटक्या घोडेस्वारांची जमात) घोडदळ पुढे पिटाळलं. पेटलेल्या तलवारी लांबवर एकेक करून विझतात तो शॉट भारीये, मान्य, पण मेलेला प्रत्येक माणूस तिकडूनच उठून लढणार हे माहीत असताना असं कोण करतं?

> शॉटसाठीच केलंय रे. मला ते कॅटापल्ट (गोळे फेकायची यंत्रं) खटकले, चक्क पायदळाच्या पुढे! दोन-चार आगीचे गोळे टाकले की गेले कामातून. आणि खंदक सैन्याच्या मागे, म्हणजे माघार घ्यायची तर सगळे चिंचोळ्या वाटेवर रेटारेटी करणार.

> हलकं घोडदळ बाजूने घालायचं, हूल द्यायची, पळ काढायचा. गनिमी कावा आपल्याकडे चौथीतलं पोरगंपण सांगेल. अर्थात भुतं हुलीला फसतात का, तो वेगळा विषय 😄

> पुढच्याच एपिसोडमध्ये म्हणे निम्मे डोथ्राकी शिल्लक! आले कुठून? त्या बर्फात एवढ्या घोड्यांना वैरण कोण घालत होतं ते तर सोडाच.