‘मसल’ या शब्दात उंदीर कुठून आला?

प्रश्न
‘मसल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘उंदराचे पिल्लू’ असा आहे, असे वाचनात आले. ही व्युत्पत्ती खरी आहे की मागाहून रचलेली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
व्युत्पत्ती खरी आहे. फक्त ‘पिल्लू’ म्हणण्याऐवजी ‘चिमुकला उंदीर’ म्हणणे अधिक अचूक ठरेल. लॅटिनमध्ये ‘मूस’ म्हणजे उंदीर, त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘मुस्कुलुस’ झाले, आणि तोच शब्द स्नायूसाठीही वापरला जाऊन पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यातला ‘क’ आज ‘मसल’मध्ये ऐकू येत नसला, तरी ‘मस्क्युलर’ म्हणताना तो स्पष्ट उमटतो. कल्पना कशी सुचली असेल, हे पाहायचे असल्यास बाही वर सारून कोपर सावकाश दुमडावे: कातडीखालून एक गोळा वर सरकतो, आणि हात सरळ करताच पांघरुणाखाली उंदीर दडावा तसा नाहीसा होतो.

प्रतिसाद २
ग्रीकमध्येही ‘म्यूस’ या एकाच शब्दाचे उंदीर आणि स्नायू असे दोन्ही अर्थ आहेत, आणि हृदयाच्या स्नायूला ‘मायोकार्डियम’ म्हणतात त्यातला ‘मायो’ तिथलाच आहे. ‘मायोपिया’ (लांबचे अंधुक दिसण्याचा दृष्टिदोष) मात्र या कुळात ओढू नये, कारण तो शब्द डोळे मिटण्याच्या क्रियेवरून आला आहे.

प्रतिसाद ३
संस्कृतातील ‘मूषक’ याच कुळातला आहे, आणि वृषणाला असलेला ‘मुष्क’ हा शब्दही त्याच कल्पनेतून, म्हणजे ‘लहान उंदीर’ या अर्थाने, तयार झालेला मानतात. आपण मराठीत दंडाच्या त्याच गोळ्याला ‘बेडकुळी’ किंवा ‘बेटकुळी’ म्हणतो, म्हणजे त्यांना जिथे उंदीर दिसला तिथे आपल्याला बेडकी दिसली. आणि टुणकन वर येणाऱ्या त्या गोळ्याला बेडकीच अधिक शोभते, असे मला मनापासून वाटते.

जाता जाता ‘स्नायू’विषयीही सांगतो. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू आणि ५०० पेशी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट तंतू, तर ‘मसल’च्या जवळ जाणारा शब्द ‘पेशी’ हा आहे. पुढे मराठी विज्ञानलेखनात ‘पेशी’ हा शब्द ‘सेल’साठी रूढ झाला, त्यामुळे जुना ग्रंथ वाचताना ५०० हा आकडा पाहून गोंधळायला होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
मनःपूर्वक आभार. ‘बेटकुळी’ हा शब्द मी लहानपणापासून वापरतो, पण त्यात बेडूक दडलेला आहे, हे आजच लक्षात आले.