युरिया उतरला, तरी अस्तरपेशींचे काय?
डायलिसिसने (यंत्राने रक्त गाळून) रक्तातला युरिया उतरला की रक्तवाहिन्या आणि त्यांना आतून अस्तर देणाऱ्या अस्तरपेशीही सुरक्षित राहतात, हे मत मला अपुरे वाटते. युरिया लहान व मोकळा असल्याने सहज गाळला जातो. मूत्रपिंड निकामी झाल्यावर साचणाऱ्या इंडॉक्सिल सल्फेट या विषारी द्रव्याचा मात्र 90 टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला चिकटलेला असतो आणि डायलायझरचा पडदा अल्ब्युमिनला सहसा पलीकडे जाऊ देत नाही. (इंडॉक्सिल सल्फेटचा उगम मूत्रपिंडात नाहीच, आतड्यातील जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतात आणि यकृत त्याचे पुढे हे सल्फेट करते.) अस्तरपेशीत शिरल्यावर ते एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टरला (पेशीतील एका संवेदक प्रथिनाला) चेतवते, सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) वाढवते, आणि वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड त्या सुपरऑक्साइडशी संयोग पावून वाया जाते. शिवाय याच पेशींत गुठळी धरायला लावणारा टिश्यू फॅक्टर वाढतो, जो युरियाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.